चाळणी, इस्त्री आणि विमानाचा पंख

लहानपणी ज्यांनी दिवाळीचा किल्ला केला असेल, त्यांना पिठाच्या चाळणीची गोष्ट सांगायला नको. दगड-विटा रचून झाल्या, वर पोतं टाकून झालं, चिखलाचा पहिला थर बसला. आता बुरुजांना गुळगुळीत गिलावा करायचा तर बिनखड्यांची माती हवी. मग दुपारी आई जरा लवंडली की स्वयंपाकघरातली चाळणी हळूच अंगणात यायची. फळीवरच्या डब्यातले मूठभर हळीवही यायचे, कारण चार-पाच दिवसांत डोंगरउतारावर हिरवंगार गवत उगवायला हवं. आमच्या घरातली ती चाळणी पुन्हा कधी पिठाला लागली नाही. ती किल्ल्याचीच झाली. आईने नवी घेतली, ती कपाटात कुलपाआड राहू लागली.

हा अपराध फक्त आपल्याच पोरांचा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे रेल्वेची आणि विमानांची छोटी मॉडेल्स करणाऱ्या इंग्रज आणि अमेरिकन मंडळींची मासिकं वाचनात आली आणि लक्षात आलं, की तिकडे चांगले पोक्त, नोकरी-धंद्यातले गृहस्थ हेच करत होते. चाळणीच्या जागी ओव्हन, इस्त्री आणि व्हॅक्यूम क्लीनर, एवढाच काय तो फरक. या छंदी लोकांनी घरातल्या यंत्रांचे जे हाल केले, त्यांचा हा थोडा इतिहास.

सुरुवातीला असं नव्हतं. १८९८ साली लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केलं. त्या काळात मॉडेल म्हणजे धातूचं काम. खरोखर वाफेवर चालणारं इंजिन करायचं, त्याचा बॉयलर तांब्याचा, सांधे चांदीमिश्रित डाखाचे. त्याला सहाशे अंशांच्या वर उष्णता लागते. ती चुलीवर मिळत नाही. त्यामुळे लेथ, भाता आणि हातोडी घेऊन हा माणूस परसातल्या शेडमध्ये बसायचा आणि घर त्याच्यापासून सुरक्षित असायचं. फार तर जुन्या पायमशीनचा पायटा आणि चाक काढून त्यावर छोटी करवत चालवायची, इथपर्यंतच मजल जायची.

शेडमधला माणूस स्वयंपाकघरात आला तो प्लॅस्टिकमुळे. १९३६ साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉग' कंपनीने 'पेंग्विन' नावाने विमानांचे प्लॅस्टिकचे सुटे भाग विकायला काढले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि काही काळाने वाकडे व्हायचे. खरा बदल झाला दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही एका फणीवाल्यामुळे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये 'एअरफिक्स' ही कंपनी काढली होती. ती आधी हवा भरायची रबरी खेळणी करायची, नंतर प्लॅस्टिकच्या फण्या. फण्या ओतायचं यंत्र हाताशी होतंच. १९४९च्या सुमारास एका ट्रॅक्टर कंपनीला जाहिरातीसाठी छोटा ट्रॅक्टर हवा होता, तो एअरफिक्सने त्याच पद्धतीने करून दिला. १९५२ साली 'गोल्डन हाइंड' या जहाजाचे सुटे भाग पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवले. पुढचं सांगायला नको. ज्याच्याकडे शेड नाही, लेथ नाही, भाड्याच्या दोन खोल्या आहेत, तोही आता जेवणाच्या टेबलावर विमान जोडू लागला.

आता गंमत अशी, की हे भाग ज्या पॉलिस्टायरीनचे होते, ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. शंभर अंश म्हणजे उकळतं पाणी. म्हणजे बॉयलर करणाऱ्याला जी उष्णता घरात मिळत नव्हती, तिची प्लॅस्टिकवाल्याला गरजच उरली नाही. त्याला हवं ते तापमान चहाच्या भांड्यात, इस्त्रीत, ओव्हनमध्ये, केस वाळवायच्या यंत्रात आयतं तयार होतं. माझ्या मते या सगळ्या विनोदी इतिहासाचं मूळ एवढ्या एका आकड्यात आहे. माणसं एकाएकी विक्षिप्त झाली नव्हती. त्यांचा कच्चा माल स्वयंपाकघराच्या तापमानाला आला होता.

ओव्हनचंच घ्या. विमानचालकाच्या डोक्यावरची पारदर्शक घुमटी किटमध्ये जाड आणि धुरकट यायची. ती पातळ हवी म्हणून लोक घरीच करू लागले. आधी लाकडाचा ठसा कोरायचा. मग एक खोकं घेऊन त्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडायची आणि बाजूच्या भोकात व्हॅक्यूम क्लीनरची नळी बसवायची. प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत धरून ओव्हनमध्ये ठेवायचा. तो पापडासारखा लोंबू लागला की चटकन काढून ठशावर दाबायचा आणि क्लीनरचं बटण दाबायचं. हवा खेचली जाते, पत्रा ठशाला घट्ट बिलगतो. दोन-तीन सेकंदांत झालं तर झालं, नाही तर पत्रा गार. या कामाला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस बहुधा बायको असायची. पत्रा जरा जास्त वेळ आत राहिला की लोंबता लोंबता ओव्हनच्या जाळीवर टपकायचा. रविवारी त्याच ओव्हनमध्ये मांस भाजायचं, हा इंग्रजांचा कुळाचार. घरात वास कसला सुटत असेल याची कल्पना करा.

व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत मात्र या मंडळींची बाजू अगदीच लंगडी नाही. १९३०च्या दशकापासून काही कंपन्या क्लीनरबरोबर रंग फवारायची बाटली जोड म्हणून देत असत. नळी पुढच्या तोंडाऐवजी मागच्या तोंडाला लावायची, की कचरा ओढणारं यंत्र वारा सोडू लागायचं. कारखानदाराने स्वतःच दाखवलेली वाट ती. रेल्वेचे डबे रंगवणाऱ्याने ती धरली तर दोष कोणाला द्यायचा?

इस्त्रीची कथा यापेक्षा करुण आहे. उडणाऱ्या मॉडेल विमानाचा सांगाडा बाल्सा लाकडाचा असतो. त्याच्यावर पूर्वी पातळ कागद चिकटवत, पाण्याने ताणून घेत आणि वर 'डोप' नावाचं उग्र वासाचं रोगण देत. त्या वासाने घरातली माणसं बाहेर आणि दाराखिडक्या उघड्या. १९६०च्या दशकात मागून गोंद लावलेली रंगीत प्लॅस्टिकची फिल्म निघाली. ती सांगाड्यावर ठेवून गरम केली की चिकटते, आणखी गरम केली की आक्रसून ढोलासारखी ताठ होते. वास नाही, रोगण नाही, वाळायची वाट पाहणं नाही. गृहिणींना हायसं वाटायला हवं होतं. पण ही फिल्म चिकटवायला लागायची इस्त्री, आणि घरात इस्त्री एकच. पंखाला 'रेशमी'वर चालेल की 'सुती'वर, हे इस्त्री करणाऱ्या कंपनीने कुठेच लिहिलेलं नव्हतं. जास्त तापवली तर एका बाजूने फिल्म इतकी ओढायची की पंखच पिळवटायचा. आणि काम संपल्यावर कडेने पाझरलेला लाल-निळा गोंद इस्त्रीच्या तळाला तसाच. तो कळायचा दुसऱ्या दिवशी सकाळी, पांढऱ्या सदऱ्यावर. पुढे दुकानांत या कामाची वेगळी छोटी इस्त्री मिळू लागली. ती पहिली कोणी विकत घेतली हे इतिहासाला ठाऊक नाही. कोणी घ्यायला लावली, याबद्दल मला शंका नाही.

फ्रिजही सुटला नाही. जुना फ्रिज मोडीत निघाला की त्याच्या पोटातला कॉम्प्रेसर काढून रंगाच्या फवाऱ्याला जोडायचा. बाजारच्या कॉम्प्रेसरपेक्षा हा कितीतरी कमी आवाज करतो, म्हणजे रात्री मुलं झोपल्यावरही काम चालू. मात्र त्याची तांब्याची नळी करवतीने कापताना आतला वायू फुस्सकन खोलीत जायचा. पूर्वी तो वायू म्हणजे ओझोनच्या थराला भोकं पाडणारा. १९८७ साली मॉन्ट्रिऑलमध्ये जगातल्या देशांनी ज्यावर करार केला तोच.

मिक्सरबद्दल मी फार बोलत नाही. स्पंजाचे तुकडे, पाणी आणि हिरवा रंग घालून फिरवलं की झाडांची पानं तयार होतात. आपल्याकडच्या चटणीच्या भांड्यात हा प्रयोग करणाऱ्याचं पुढे काय झालं असतं ते आपण जाणतोच.

हे सगळं त्या मासिकांत मोठ्या खुसखुशीतपणे यायचं. बायकोला 'डोमेस्टिक ऑथॉरिटीज' म्हणायची तिकडे रीत, आपल्याकडे 'होम मिनिस्टर' म्हणतात तशीच. मीही हसलो. पण असे बरेच किस्से वाचल्यावर एक गोष्ट खटकू लागली. किस्सा सांगणारा प्रत्येक वेळी पुरुष आणि ओव्हनची जाळी घासणारी प्रत्येक वेळी बाई. तिची बाजू कोणी छापलेली नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली, तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेइतके कमी झालेच नाहीत, असं त्यांनी त्यात दाखवलं. ज्या यंत्रांनी तिचा भार थोडा तरी हलका करायचा, तीच रविवारी नवऱ्याच्या छंदाला जुंपली जात होती आणि सोमवारी आधी त्यांचीच साफसफाई करावी लागत होती.

शिवाय प्रकरण नुसत्या डागांवर भागत नव्हतं. पांढऱ्या धातूच्या इंजिनांचे भाग जोडायला सत्तर अंशांना वितळणारा डाख वापरतात. जोड चुकला की सगळं उकळत्या पाण्यात टाकायचं, डाख वितळतो, भाग सुटे होतात. युक्ती नामी आहे. पण त्या डाखात शिसं असतं, काही प्रकारांत कॅडमियमही. ज्या भांड्यात हा उद्योग केला त्यात पुन्हा चहा टाकणं म्हणजे घरातल्या पोरांना विष पाजणं. शिशाचे सैनिक घरच्या चुलीवर ओतणाऱ्यांनीही तेच केलं. पीव्हीसीचा पत्रा ओव्हनमध्ये करपला तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. पुढे जाणते छंदी लोक नव्या माणसाला एक नियम आधी सांगू लागले, की यंत्र एकदा छंदाला लागलं की अन्नाला नाही. आमच्या आईने चाळणीच्या बाबतीत तो नियम कोणी न सांगता केला होता.

तरीही या वेड्या उद्योगातून घराबाहेर काय काय गेलं हे पाहिलं, की फार रागावताही येत नाही. १९६५ साली सुरू झालेल्या 'थंडरबर्ड्स' या ब्रिटिश बाहुल्यांच्या मालिकेत एका अग्निबाणाच्या तळघराच्या भिंतीवर एक भारदस्त यंत्र दिसतं. ते चक्क लिंबू पिळायचं प्लॅस्टिकचं भांडं आहे. दुसरं उदाहरण याहून मोठं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी छोट्या रेल्वेचा एक क्लब काढला. टेबलाच्या वर रूळ, डोंगर, गावं, आणि टेबलाखाली टेलिफोन यंत्रणेतले मोडीत निघालेले रिले आणि तारांचं जंगल. रुळाचा कुठला तुकडा कोणाच्या ताब्यात, हे टेलिफोनची तबकडी फिरवून ठरवायचं. ज्या तबकडीने घरी फोन लावायचा, तिच्यावर इथे गाडी धावायची. अशा चलाख जुगाडाला ती मुलं 'हॅक' म्हणत. हीच मुलं १९५०च्या दशकाच्या अखेरीस संस्थेतल्या संगणकांभोवती रात्र-रात्र घुटमळू लागली आणि आपला शब्द बरोबर घेऊन गेली. आज वर्तमानपत्रात 'हॅकर' वाचताना चोर डोळ्यांपुढे येतो. स्टीव्हन लेव्ही यांनी १९८४ साली त्याच नावाच्या पुस्तकात ही हकीकत सविस्तर लिहिली आहे.

परवा नातवासाठी किल्ला करायला घेतला. हळीव पेरायला उशीर झाला होता, दिवाळी दोन दिवसांवर. या मॉडेलवाल्यांची एक अलीकडची युक्ती मला ठाऊक होती. डास मारायची विजेची बॅट घ्यायची, तिची जाळी काढायची आणि जाळीची एक तार चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडायची. दुसरी तार एका खिळ्याला बांधून तो ओल्या गोंदात खोचायचा. गाळणीत नायलॉनचे हिरवे बारीक तंतू भरून बटण दाबायचं आणि गाळणी हलवायची. बॅटचा दाब हजार-दोन हजार व्होल्टच्या घरात असतो, त्यामुळे प्रत्येक तंतू विद्युतभारित होऊन खाली येतो आणि गोंदात आडवा पडण्याऐवजी ताठ उभा राहतो. दुकानातलं याच कामाचं यंत्र यापेक्षा कितीतरी महाग पडतं. एक सावधगिरी हवी. बटण सोडल्यावरही बॅटमध्ये थोडा वेळ भार उरतो, हे मला गाळणीला हात लावल्यावर आठवलं. मुलाच्या हातात हा प्रकार मुळीच द्यायचा नाही.

किल्ल्याच्या माचीवर गवत मात्र असं तरारून उभं राहिलं, की नातू टाळ्या पिटू लागला. तेवढ्यात आतून पत्नीचा आवाज आला, "अहो, चहा झालाय, गाळणी कुठे ठेवलीत?"