तीन पौंडांची डोईपट्टी

परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसाच्या कराचा विषय निघाला की आज दुहेरी कर टाळण्याचे करार आठवतात. मला आठवतो तो नाताळ वसाहतीचा १८९५ चा १७ वा कायदा. गिरमिट संपल्यावर जो मजूर हिंदुस्थानात परतणार नाही आणि नवे गिरमिटही लिहून देणार नाही, त्याने वसाहतीत राहण्याचा परवाना दरसाल तीन पौंड भरून घ्यायचा. नाव परवान्याचे, काम डोईपट्टीचे.

तिजोरी भरणे हा हेतू नव्हताच. मळेवाल्यांना ऊस तोडणारा हिंदी हवा होता. भाजी पिकवून विकणारा, दुकान थाटणारा नको होता. मुळात मागणी पंचवीस पौंडांची होती. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी आकडा कमी केला, तत्त्व मात्र मान्य केले.

या आकड्याचा हिशेब मी मांडून पाहिला. मजुराला पहिल्या वर्षी दरमहा दहा शिलिंग, मग दरसाल एकेक वाढून पाचव्या वर्षी चौदा. शिधा मालकाचा. एकही खाडा नाही असे धरले, तरी पाच वर्षांची मजुरी होते ३६ पौंड. १९०३ मध्ये १६ वर्षांचे मुलगे आणि १३ वर्षांच्या मुलीही या करात ओढल्या गेल्या. नवरा, बायको, असा एक मुलगा, अशी एक मुलगी : सालाचे १२ पौंड. पाच वर्षांत पैही न खर्चता साठवलेले सगळे तीन परवान्यांत संपते. सुटलेला मजूर थोडे अधिक कमावत असेलही, पण आता शिधाही त्याचाच. मग पुन्हा गिरमिटावर अंगठा, नाहीतर परतीची बोट.

यात मराठी माणूस क्वचितच. बोटी सुटत त्या मद्रास आणि कलकत्त्याहून. तरी हा हिशेब जाहीरपणे लावून धरणाऱ्यांत एक मराठी गणितशिक्षक होता. ज्यांचे अंकगणिताचे पुस्तक आपल्या शाळांतून चालले, ते गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले आणि प्रिटोरियात बोथा व स्मट्स यांना भेटले. कर जाणार, अशा समजुतीने ते परतले. पुढल्याच वर्षी सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले.

ऑक्टोबर १९१३ मध्ये न्यूकॅसलच्या कोळसाखाणींतले मजूर कामावरून उठले. पाठोपाठ उसाचे मळे बंद पडले. आपल्याकडे हे सारे गांधीजींच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणून वाचतात. पण ज्यांनी मजुरी सोडली, त्यांना चार माणसांचे १२ पौंड तोंडपाठ होते, आणि माझ्या मते संपाचे बळ तिथे होते.

१९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला, थकबाकीही सुटली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे : तिथला रहिवासाचा हक्क कायमचा सोडणाऱ्यास हिंदुस्थानापर्यंत बोटीचे भाडे सरकार देईल.