सातबारावरचे नाते: जमीन एक, नावे अनेक

१/
बेल्हे हे जुन्नर तालुक्यातील सोमवारच्या आठवडे बाजाराचे गाव. अशा गावात वडिलोपार्जित शेताचा सातबारा पाहिला की एका जमिनीवर अनेकदा बरीच नावे आढळतात. त्यांतले एखादे नाव आणखी चार जमिनींवरही असते. संगणकशास्त्रात यालाच ‘अनेक-ते-अनेक’ संबंध म्हणतात. महसुली दप्तराला मात्र हा पेच संगणकाच्या कितीतरी आधी पडला होता.

२/
१८३६ साली याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीतून सारापद्धतीची नवी घडी बसली. शेताला सर्व्हे क्रमांक मिळाला आणि त्यामागे साऱ्याला जबाबदार असा खातेदार उभा राहिला. सरकारचा मुख्य प्रश्न सारा कोण भरणार, हा होता. त्यामुळे खातेदाराआडचे भाऊबंद, कुळे आणि गहाणदार नोंदीत धूसरच राहिले.

३/
१९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला. आता जमिनीत कोणाचा, कोणता हक्क आहे, हेही लिहिले जाऊ लागले. दप्तरात नात्याला स्वतःची जागा मिळाली.

४/
आजचे गाव नमुने हीच रचना दाखवतात. नमुना ७ जमिनीवरून माणसांकडे नेतो, तर ८-अ खातेदाराकडून त्याच्या जमिनींकडे. हक्कातील बदल नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत टिपला जातो.

५/
२००५ साली प्रसिद्ध झालेल्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्येही असे संबंध दोन तक्त्यांत मावत नाहीत. जोडणारा तिसरा तक्ता लागतो. कारण ‘चौथा हिस्सा’ ही माहिती एकट्या जमिनीची नसते, एकट्या माणसाचीही नसते. ती त्या दोघांमधल्या नात्याची असते.

६/
त्याच २००५ साली कायद्यातील दुरुस्तीने एकत्र हिंदू कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला देशभर मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. बहिणीने हक्कसोडपत्र केले, तर सातबारावर तिच्या नावाला कंस होतो आणि फेरफार क्रमांक मागे उरतो. जँगोमध्ये मात्र नाते काढून टाकण्याची साधी आज्ञा दिली, की जोडतक्त्यातील ओळच पुसली जाते. हिस्सा, तारीख आणि फेरफार जपायचे, तर तिसरा तक्ता स्वतः आखावा लागतो आणि ओळ पुसण्याऐवजी बंद करावी लागते.

७/
तलाठ्याचा कंस सांगतो, की हक्क संपला तरी तो कधीकाळी होता. वारसांचा वाद उभा राहतो, तेव्हा त्याच कंसापासून मागचा शोध सुरू होतो.