धातू घड्याळ पाहतो की स्वतःचा इतिहास?

जव्हार-मोखाड्यात तिरकमठा कुणाला समजावून सांगायला नको. काम झालं की दोरी उतरवायची. कायम चढवून ठेवली तर बांबू वाकलेलाच राहायला लागतो. वैशेषिकांनीही धनुष्याचाच दाखला घेतला. प्रशस्तपादाने संस्काराचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना, स्थितिस्थापक. वाकवलेलं धनुष्य सरळ होतं ते स्थितिस्थापकामुळे. स्मृती घडवते ती भावना, आणि ती फक्त आत्म्याची. जडाला आठवण नाही.

हा हिशेब तापलेल्या पोलादापाशी अडतो. आपल्याच जिल्ह्यात, खाली समुद्राकाठी, डहाणूचं औष्णिक वीज केंद्र आहे. 250 मेगावॉटचे दोन संच. अशा केंद्रांत वाफ साधारण 540 अंश सेल्सिअसची असते. थंड असताना जो ताण पोलादाची नळी सहज पेलते, त्याच ताणाखाली ती इथे वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जाते. याला इंजिनिअर 'क्रीप' म्हणतात.

1910 साली अँड्रेडने शिशाच्या तारांवर हे मोजलं. (शिशाला खोलीतली उष्णताही पुष्कळ होते.) तार लांबली की बारीक होते, म्हणजे ताण वाढतो. म्हणून त्याने वजनाला असा आकार दिला, की ते द्रवात बुडत जाऊन भार तेवढाच कमी व्हावा. ताण स्थिर ठेवायला एवढी खटपट! आणि केंद्रात तर विजेची मागणी बदलेल तसा ताण आणि तापमान बदलत राहतं.

मग प्रश्न आला: महिनाभर हलका ताण दिला, नंतर वाढवला, तर पुढे काय? एक मत म्हणतं, धातू महिनाभर जुना झाला, आता सावकाश ताणेल. दुसरं म्हणतं, महिना विसरा, तो ताणला किती ते बघा. थोडाच ताणला असेल तर आता भराभर ताणेल. प्रयोगांत बहुधा दुसरं मत सरस ठरतं. पण ताण एकदम कमी केला तर तेही चुकतं. धातू काही काळ जवळजवळ थांबतो.

आयुष्याचा हिशेब अमेरिकेतल्या रॉबिन्सनने 1938 मध्ये सोपा केला. समजा, एका ताणाखाली नळी 2 लाख तास टिकते आणि 50 हजार तास चालली: पाव आयुष्य गेलं. मग जास्त ताणाखाली, जिथे ती 1 लाख तास टिकते, आणखी 50 हजार: अर्धं गेलं. उरलं पाव. आधी काय घडलं, नंतर काय, हे ही बेरीज विचारतच नाही. मला ही तिची खरी उणीव वाटते. कारण धातूला क्रमाने फरक पडतो, आणि त्या नळीजवळ माणसं काम करत असतात.

म्हणून जुन्या नळीचा पृष्ठभाग घासून चकचकीत करतात, त्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी दाबून ठसा घेतात आणि कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या पडल्यात का, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.