दम्याच्या संकल्पनेतील स्थित्यंतर : वृद्धिघटक, श्वासनलिकांची पुनर्रचना आणि चंद्रपूर-गडचिरोली

प्रस्तावना

दमा म्हणजे अधूनमधून लागणारी धाप. ती ओसरली की रुग्ण बरा, हा समज दीर्घकाळ रूढ होता. विसाव्या शतकात तो कसा बदलला आणि चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या दृष्टीने त्या बदलाचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा विकास

दम्याने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकांची भित्तिका जाड झालेली असते, हे ह्यूबर व कोस्लर यांनी १९२२ मध्येच नोंदविले होते. तथापि उपचारांचा रोख आकुंचन सैल करण्यावरच राहिला. १९८६ मध्ये स्टॅनली कोहेन व रीटा लेवी-मॉन्टालचिनी यांना वृद्धिघटकांच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ मध्ये रोश व सहकाऱ्यांनी दम्यातील ही जाडी अधिस्तराखाली साचलेल्या कोलॅजनमुळे असल्याचे दाखविले.

धूर, विषाणू किंवा परागकणांनी अधिस्तर दुखावला की तेथे दाह होतो व वृद्धिघटक स्रवतात. त्यांपैकी टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशींकडून कोलॅजन निर्माण करवितो, ईजीएफ अधिस्तराच्या दुरुस्तीस व श्लेष्मनिर्मितीस चालना देतो, तर व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जखम भरून काढणारी हीच यंत्रणा वारंवार जागृत होत राहिल्यास नलिका कायमची अरुंद होऊ शकते. २०११ मध्ये ग्रेंज व सहकाऱ्यांनी, दाह न वाढताही केवळ वारंवार झालेल्या आकुंचनाने असे बदल घडू शकतात, हे दाखवून दिले. म्हणजेच प्रत्येक झटका आपली खूण मागे ठेवू शकतो.

प्रादेशिक संदर्भ

चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या परिसरात १९८३ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे ठरले. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत धोका निराळा आहे : सरपणाच्या चुलीचा घरात कोंडणारा धूर.

याच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापन केली. बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या ६१२ रुग्णांत मृत्युप्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या क्षेत्रातील रुग्णांत ते १३.५ टक्के होते. श्वसनविकाराचा उपचार गावपातळीवर शक्य आहे, हे यातून सिद्ध झाले.

समारोप

न्यूमोनियाचा उपचार काही दिवसांत संपतो. दम्याचा मात्र वर्षानुवर्षे चालवावा लागतो. २०१९ मध्ये ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेनेही प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना दाहशामक औषधाविना केवळ साल्ब्युटामॉल देऊ नये, असे सुचविले. धाप लागली की इंजेक्शन घेऊन परतणाऱ्या खेड्यातील रुग्णाच्या बाबतीत हा भेद निर्णायक आहे. झटका थांबविणारे औषध त्याला त्या रात्रीपुरता श्वास देते. गावाजवळच्या उपकेंद्रात नियमित मिळणारे दाहशामक फवाऱ्याचे औषध त्याच्या श्वासनलिकांचे पुढील नुकसान रोखण्याची शक्यता निर्माण करते.