हिमरूचा जाळा

छत्रपती संभाजीनगरात हिमरूची शाल घेताना ती आधी उलटी करून बघावी. सुलट बाजूला वेलबुट्टी जागच्या जागी बसलेली असते. मागे मात्र रेशमाचे मोकळे धागे एका बुट्टीकडून दुसरीकडे धावतात. शालीचा मऊपणा आणि ऊब त्यांचीच.

फारसीतल्या ‘हम-रू’वरून, म्हणजे मिळत्याजुळत्या रूपाचा, असा हा शब्द आल्याचं सांगतात. साम्य किनखापाशी. किनखाप रेशमाचा, जरीने जड झालेला, दरबारी. विणकरांनी ताणा सुती घेतला आणि रेशीम नक्षीच्या बाण्यापुरतं ठेवलं. खर्च उतरला, रूप टिकलं. गिऱ्हाइकाची ऐपत पाहून कापड घडवण्याची ही अक्कल मला किनखापाच्या झगमगाटाहून मोठी वाटते.

दिल्लीची राजधानी मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास देवगिरीला आणली, तिच्यासोबत विणकर आले, अशी परंपरा आहे. मार्को पोलोने इथल्या हिमरूची वाखाणणी केली, असंही बरेचदा छापलं जातं. पण तो 1324मध्येच वारला होता, आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या तलम कापडाचं त्याचं वर्णन आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्लीचं आहे. हिमरूला ही उसनी साक्ष नको. 1610मध्ये मलिक अंबराने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, पुढे तिथेच औरंगजेबाच्या सुभेदारीचं ठाणं झालं. उंची कापडाला गिऱ्हाईक दाराशी आलं.

खरं कसब जाळ्यात आहे. कागदावरचं चित्र मागाला कळत नाही. ते आधी चौकटींच्या कागदावर उतरवायचं, मग कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे ते दोऱ्यांनी बांधून ठेवायचं. हाच जाळा. पारंपरिक मागावर वर बसलेला मदतनीस दोऱ्या ओढतो, खाली विणकर धोटा फेकतो. जाळा एकदा नीट बांधला की तीच नक्षी वारंवार उतरते. एक दोरी चुकली, तर चूकही तितक्याच इमानाने उतरते. बुट्ट्या विरळ केल्या की मागचे धागे लांबतात आणि अंगठीत, बांगडीत अडकतात. दाट नक्षीमागे आवडीइतकाच हाही हिशेब आहे. 1804च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने दोऱ्यांचं हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं, आणि तशा मागावर वरचा मदतनीस लागेनासा झाला.

निजामाच्या अमदानीत हिमरूच्या शेरवान्या शिवल्या जात. 1948मध्ये संस्थान संपलं, शेरवानीचं ते गिऱ्हाईक ओसरलं आणि शाल पुढे आली. अजिंठा पाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिच्यावर तिथली कमळं आली. चित्रातली वळणदार पाकळी चौकटींवर उतरली की तिच्या कडेला पायऱ्या पडतात. त्या बारीक केल्या तर पाकळी गोल दिसते, पण जाळ्यातल्या दोऱ्या वाढतात, विणायचे दिवस वाढतात, शालीची किंमत वाढते. कुठे थांबायचं, ते पहिली दोरी बांधण्याआधी ठरवावं लागतं.