वाटाणा, आगकाड्या आणि खोडकर गर्टी

१९१४ च्या फेब्रुवारीत शिकागोमध्ये विन्सर मॅके हा व्यंगचित्रकार हातात चाबूक घेऊन रंगमंचावर आला. मागच्या पडद्यावर गुहेतून एक डायनोसॉर डोकावला. ही त्याची गर्टी. धनी सांगेल तसा ती पाय उचले. पण त्याची पाठ वळली की झाड खाऊन टाकी, मॅमथला तळ्यात भिरकावी. रागावले की लहान मुलासारखी रडे. (मॅमथ आणि डायनोसॉर एका काळातले नव्हेत, हे वर्गात सांगावे लागेलच.)

गर्टी जिवंत वाटते ती खोड्यांपेक्षा तिच्या श्वासामुळे. स्वस्थ उभी असतानाही तिचे पोट हलते. त्यासाठी मॅकेने स्वतःचा श्वास घड्याळ लावून मोजला होता. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून जात. श्वास आत घ्यायला दोन सेकंद लागत असतील, तर तेवढ्यासाठी ३२ चित्रे हवीत! अशी हजारो चित्रे कागदावर काढली गेली. डोंगर आणि तळेही दर चित्रात पुन्हा काढावे लागे. ते कंटाळवाणे काम जॉन फिट्झसिमन्स या मदतनिसाने केले.

हाच हिशेब आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली उलट्या बाजूने मांडला होता. लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसे लावणारा कोणी मिळेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली. मॅके नसलेला काळ निर्माण करत होता. फाळके असलेला काळ आकसत होते. हा छोटा चित्रपट पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. तारण होते सरस्वतीबाईंचे दागिने. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

फाळके महिनाभर रोज एक चित्र घेत आणि चित्रपट मिनिटभराचा झाला, असे सर्रास लिहिले जाते. विद्यार्थ्यांना हा भागाकार जरूर करायला द्यावा. ३० चित्रे म्हणजे पडद्यावरचे जेमतेम दोन सेकंद. मिनिटभरासाठी ९६० चित्रे लागतात, म्हणजे दिवसाला सरासरी ३२. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मला वाटते, कॅमेऱ्याचा दांडा दिवसातून बऱ्याच वेळा फिरला असावा.

१९१५ मध्ये महायुद्धामुळे पैशाची आणि कच्च्या फिल्मची चणचण असताना फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. वाटाणा निदान आपणहून वाढत होता. काड्या मात्र हाताने किंचित सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायच्या. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ सालीच आगकाड्या अशा नाचवल्या होत्या. गर्टी आजही पाहायला मिळते. फाळक्यांच्या काड्यांची प्रत मात्र उरलेली नाही.