लष्करी शिक्षणाचें दार : वशिला आणि परीक्षा



एखाद्या मुलाला सैन्यांत अधिकारी व्हावयाचें असेल तर त्यानें कोणाकडे जावें? आज ह्या प्रश्नाचें उत्तर सरकारी जाहिरातींत मिळतें. शंभर वर्षांपूर्वीं मात्र तें उत्तर त्या मुलाच्या वडिलांना कोण ओळखतो ह्यावर अवलंबून असे. शिफारस ही त्या काळीं लष्करी विद्यालयाच्या दाराची किल्ली होती. ती कोणाच्या हातीं होती आणि तिथून ती कशी सुटली, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

माझी उभी हयात वर्धा जिल्ह्यांत मुलांना शिकविण्यांत गेली. म्हणून उदाहरण ओळखीच्या गांवाचेंच घेतों. अल्लीपूर हें हिंगणघाट तालुक्यांतील, कापूस पिकविणाऱ्या मुलुखांतील गांव. समजा, १९२० सालीं तेथील एका शेतकऱ्याचा मुलगा मॅट्रिक झाला आणि लष्करी अधिकारी होण्याची इच्छा त्यानें बोलून दाखविली. पलटणींत शिपाई होणें आणि अधिकारी होणें ह्यांत त्या काळीं जमीन-अस्मानाचें अंतर होतें. हिंदी शिपाई पराक्रमाच्या व दीर्घ चाकरीच्या बळावर फार तर सुभेदार-मेजर होई. त्याची सनद व्हाइसरॉयची असे. बादशहाची सनद घेऊन विलायतेहून नुकताच आलेला विशीतील गोरा लेफ्टनंटदेखील त्याचा वरिष्ठ ठरे.

लॉर्ड कर्झन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं राजेरजवाड्यांच्या मुलांसाठीं इंपीरियल कॅडेट कोअर काढली. परंतु तींतून बाहेर पडणाऱ्यांनाहि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बरोबरीचा हुद्दा मिळत नसे. पहिलें महायुद्ध चालू असतांना, ऑगस्ट १९१७ मध्यें, नऊ हिंदी गृहस्थांना लढाऊ दलांतील बादशाही सनद देण्यांत आली. त्या नवांत बाळासाहेब डफळे हें एक मराठी नांव होतें. पुढील वर्षीं, म्हणजे १९१८ सालीं, विलायतेंतील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयांत हिंदी तरुणांसाठीं दरसाल दहा जागा ठेवण्यांत आल्या. पेशावरपासून रंगूनपर्यंत पसरलेल्या साम्राज्याला दहा जागा!

ह्या जागांसाठीं प्रथम शिफारस मिळवावी लागे. आमच्या अल्लीपूरच्या मुलाचा अर्ज आधीं वर्ध्याच्या डेप्युटी कमिशनरांपुढें जाणार, त्यांना पसंत पडला तर नागपुरास प्रांतिक सरकारकडे, आणि तेथें निभावला तर दिल्ली-सिमल्याच्या वाटेस लागणार. शेवटचा शब्द वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांचा व व्हाइसरॉयचा. मुलाच्या अंगच्या गुणांबरोबर त्याच्या घराण्याचीहि चौकशी होई. वडील कोण, जमीनजुमला किती, घराण्यानें सरकारची सेवा कोणती केली, राजनिष्ठा कशी, हें सारें पाहिलें जाई. सँडहर्स्टचा खर्च पालकांनाच सोसावा लागे, तो निराळाच. अर्ज करण्यास मनाई कोणास नव्हती. पण साध्या शेतकऱ्याच्या मुलाचा अर्ज ह्या पायऱ्या चढून वर जाण्याचा संभव किती होता, हें आपणच ताडावें. १९२२ सालीं डेहराडून येथें मुलांची तयारी करून घेणारें लष्करी विद्यालय निघालें खरें, परंतु तेथेंहि प्रथम निवडच व्हावी लागे.

ज्यांना अधिकारी होण्याची मुभा नव्हती त्यांच्याहि खालीं, शिपाई होण्याचीसुद्धां मुभा नसलेले लोक होते, ही गोष्ट विसरतां कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाची भरती बंद झाली होती. ती पुन्हां सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं १९१० सालीं भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज धाडला. पहिल्या महायुद्धांत महार पलटण उभी राहिली, ती युद्धानंतर मोडण्यांत आली, आणि १९४१ सालीं महार रेजिमेंटची स्थापना झाली. लढावयाची गरज पडली कीं दार उघडावें आणि गरज सरली कीं लावून घ्यावें, असा हा प्रकार होता.

शिफारशीच्या ह्या गाळणींतून जे मराठी तरुण पार पडले ते नालायक होते असें मात्र कोणी समजूं नये. कोल्हापूरकडील वडगांवचे शंकरराव थोरात १९२६ सालीं सँडहर्स्टमधून अधिकारी होऊन आले, ब्रह्मदेशांतील लढाईंत त्यांनीं नांव मिळविलें, आणि स्वतंत्र भारताच्या सैन्यांत ते लेफ्टनंट जनरल झाले. सावंतवाडीकडील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले डेहराडून व सँडहर्स्ट ह्या दोन्ही विद्यालयांतून गेले. राजनिष्ठेची पारख करून ज्यांना निवडलें त्यांपैकीं हेच भोसले पुढें सुभाषबाबूंच्या आझाद हिंद फौजेंत प्रमुख सेनानी झाले, आणि १९४३ च्या आझाद हिंद सरकारांत त्यांचा समावेश झाला. वशिल्याच्या तराजूनें घराणें तोलतां येतें. मनुष्याचें मन तोलतां येत नाहीं, ह्याचा ह्याहून बोलका पुरावा कोणता?

ही पद्धत बदलावी अशी मागणी वाढत गेली. १९२५ सालीं सर अँड्रयू स्कीन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. तींत बॅरिस्टर जिनाहि होते. जागा वाढवाव्या, निवडीस परीक्षेची जोड द्यावी आणि हिंदुस्थानांतच विद्यालय काढावें, असा तिच्या म्हणण्याचा रोख होता. आमच्या नागपूरचे डॉक्टर बाळकृष्ण शिवराम मुंजे ह्यांनींहि लष्करी शिक्षणाचा प्रश्न गोलमेज परिषदेंत लावून धरला. पुढें १९३७ सालीं त्यांनीं नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढलें. १९३२ सालीं डेहराडून येथें इंडियन मिलिटरी अकॅडमी उघडली. तिच्या पहिल्या चाळीस छात्रांत कांहीं स्पर्धापरीक्षेंतून, कांहीं शिपायांतून व कांहीं संस्थानी फौजांतून आलेले होते. अर्थात् परीक्षेचें दार किलकिलें झालें.

अमेरिकेंत शिफारशीची चाल अद्यापहि आहे. वेस्ट पॉइंटच्या विद्यालयांत किंवा तेथील आरमारी व हवाई विद्यालयांत जाण्यासाठीं बहुतेक मुलांना आपल्या मतदारसंघाच्या लोकप्रतिनिधीची अथवा सिनेटरची शिफारस मिळवावी लागते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नागरिक मुलांनाहि तोच मार्ग. पण त्यांत एक हेतु आहे : देशाच्या प्रत्येक कोपऱ्यांतून मुलें यावीं. शिवाय शिफारस देणारा हा लोकांनीं निवडलेला असतो. आमच्याकडे ती देणारे लोकांना जबाबदार नव्हते. म्हणून स्वातंत्र्यानंतर आपण परीक्षेचा मार्ग पत्करला, तो योग्यच झाला.

पंडित नेहरूंनीं १९४९ सालीं खडकवासल्यास जिची कोनशिला बसविली, ती राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारींत रीतसर सुरू झाली. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षांतून दोनदां घेतो. लेखी परीक्षेला ९०० गुण आणि निवडमंडळाच्या अनेक दिवस चालणाऱ्या कसोटीला ९०० गुण. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर हें दार मुलींनाहि उघडलें. २०२५ च्या मे महिन्यांत १७ मुली तेथून शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. ह्या वाटेंत कोठेंहि शिफारशीचें पत्र लागत नाहीं. योगायोग असा कीं, शिफारशीच्या काळांत सँडहर्स्टला गेलेले जनरल थोरात निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि परीक्षेनें माणसें निवडण्याचें काम त्यांनीं केलें.

असें असूनहि वशिल्यावरील श्रद्धा आमच्या मनांतून गेलेली नाहीं. मुलगा बारावीला गेला कीं पालक शिक्षकाजवळ येऊन हळूच विचारतात, "गुरुजी, वर कोणाची ओळख आहे का?" ह्या भाबडेपणावर दलाल पोट भरतात. शेत गहाण टाकून ओळख विकत घेणाऱ्या बापाला मी एवढेंच सांगेन कीं, जी किल्ली आपण शोधतां ती त्या दाराला आतां लागतच नाहीं.

मात्र परीक्षा आली म्हणजे न्याय आपोआप आला, असेंहि नाहीं. लेखी परीक्षेंत ३०० गुण गणिताला आहेत, २०० इंग्रजीला. ज्या गांवांत गणिताचा शिक्षक वर्षभर नसतो तेथील मुलाला दार उघडें असूनहि उंबरठा उंचच लागतो. सातारची सैनिक शाळा १९६१ सालीं निघाली, विदर्भाच्या वांट्याला चंद्रपूरची आली ती २०१९ सालीं. पूर्वीं मुलाचें घराणें पाहत. आतां त्याची शाळा कशी हें न विचारतांहि गुणपत्रिकेवर उमटतें. म्हणून पालकांनीं आठवी-नववीपासून मुलाचें गणित, इंग्रजी व शरीर ह्यांकडे लक्ष द्यावें, आणि आपण सर्वांनीं खेड्यांतील शाळेला शिक्षक मिळवून देण्याचा आग्रह धरावा. गांवाच्या मुलाला ह्यापरती मोठी शिफारस कोणीहि देऊं शकणार नाहीं.